पोटरीत गोळा की रक्ताची गुठळी? रोज पळणाऱ्या-चालणाऱ्यांनी ओळखायच्या खुणा

अंबाजोगाईत पहाटे पाचला बाहेर पडलात तर रस्ते रिकामे दिसत नाहीत. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली मैदानावर फेऱ्या मारत असतात. मुकुंदराजांच्या समाधीकडच्या चढ-उतारावर चालायला जाणारी मंडळी असतात. आषाढीच्या आधी शेगावच्या गजानन महाराजांची पालखी याच गावातून पुढे पंढरपूरकडे जाते, तेव्हा तर शेकडो मैल चाललेले पाय इथे मुक्कामाला येतात. आणि दसरा-दिवाळीनंतर आसपासच्या गावांतून ऊसतोड टोळ्या कारखान्यांकडे निघतात. त्यांच्याइतकं अंगमेहनतीचं काम तर कुठल्या जिममध्येही होत नसेल.

या सगळ्यांना पाय दुखणं नवीन नाही. पोटरीत गोळा आला, पाय भरून आला की उपाय ठरलेला: तेल कोमट करायचं आणि कुणाकडून तरी दाबून चोळून घ्यायचं. बहुतेक वेळा त्यानं बरंही वाटतं.

पण क्वचित ते दुखणं स्नायूचं नसतं. पायाच्या आतल्या नसेत रक्ताची गुठळी झालेली असते, आणि तशा वेळी पाय चोळणं हा सगळ्यात चुकीचा उपाय ठरतो. धडधाकट माणसाच्या बाबतीत ही चूक जास्त होते, कारण दुखण्याचं कारण त्याच्याकडे तयारच असतं. ‘काल जरा जास्त पळालो’ म्हटलं की विषय संपतो.

गुठळी होते म्हणजे काय होतं?

जखम झाल्यावर रक्त थिजतं म्हणून आपण वाचतो. हेच थिजणं गरज नसताना, नसेच्या आत झालं की गुठळी तयार होते. असं का होतं, याची तीन कारणं वैद्यकशास्त्रात सांगतात: रक्त संथ होणं, नसेच्या आतल्या भिंतीला इजा होणं आणि रक्तच जास्त गोठण्याच्या स्थितीत असणं. एकोणिसाव्या शतकातले जर्मन डॉक्टर रुडॉल्फ व्हिर्शो यांच्या नावानं ही त्रिसूत्री ओळखली जाते. १३ ऑक्टोबर हा त्यांचा जन्मदिवस, आणि २०१४ पासून त्याच दिवशी जागतिक थ्रॉम्बोसिस दिन पाळतात.

पायातलं रक्त वर हृदयाकडे चढवायचं काम पोटरीचे स्नायू करतात. पाऊल टाकलं की स्नायू आवळतो, आतली नस दाबली जाते, रक्त वर ढकललं जातं. नसांमधल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. म्हणून चालणाऱ्याच्या पायात रक्त साचत नाही, आणि तासन्‌तास पाय लोंबकळत ठेवून बसलेल्याच्या पायात साचतं.

आतल्या नसेत गुठळी झाली तर त्याला डीप व्हेन थ्रॉम्बोसिस, थोडक्यात डीव्हीटी म्हणतात. ती तिथेच राहिली तर पाय सुजतो आणि दुखतो. तिचा तुकडा सुटला तर तो रक्तासोबत वर जातो, हृदयाच्या उजव्या बाजूतून पुढे सरकतो आणि फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकतो. हा पल्मनरी एम्बोलिझम. तुकडा मोठा असेल तर माणूस काही मिनिटांत कोसळू शकतो.

पोटरीवर वरून दिसणाऱ्या निळ्या, फुगलेल्या, वेड्यावाकड्या नसा ही वेगळी तक्रार आहे. त्या व्हेरिकोज व्हेन्स. त्या असल्या म्हणजे आत गुठळी आहे असं नाही.

व्यायाम करणाऱ्याला हे कसं होईल?

नियमित हालचालीनं गुठळीचा धोका एकंदरीत कमीच होतो. पळणं सोडा, असं इथे कुणी सांगत नाही. धोका येतो तो व्यायामाच्या आजूबाजूला घडणाऱ्या गोष्टींतून. घोटा मुरगळतो आणि पायाला प्लास्टर लागतं. गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन होतं. उन्हात सराव होतो आणि पाणी पोटात जात नाही. मैदानी चाचणी देऊन, अंग आंबलेलं असताना, त्याच रात्री ट्रॅव्हल्समध्ये बसून पुण्याहून परत यायचं असतं. यातली एकेक गोष्ट एरवी निभावून जाते. दोन-तीन एकत्र आल्या की पारडं झुकतं.

अमेरिकी टेनिसपटू सेरेना विल्यम्सचं उदाहरण बघा. २०१० च्या जुलैत म्युनिकमध्ये काचेवर पाय पडून तिला जखम झाली. पायावर दोन शस्त्रक्रिया झाल्या, कित्येक आठवडे प्लास्टर होतं. २०११ च्या फेब्रुवारीत तिच्या फुप्फुसांत गुठळ्या सापडल्या. तेव्हा ती २९ वर्षांची होती आणि जगातल्या सर्वांत तंदुरुस्त खेळाडूंमध्ये तिची गणना होत होती. बास्केटबॉलपटू ख्रिस बॉशच्या बाबतीत २०१६ मध्ये आधी पोटरीचा स्नायू दुखावल्याचं सांगितलं गेलं, मागाहून गुठळी निघाली. त्याला आदल्या वर्षी फुप्फुसातल्या गुठळ्यांचा त्रास झालेलाच होता. त्यानंतर तो पुन्हा सामना खेळला नाही.

प्रवासाबद्दल एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार, चार तास किंवा त्याहून जास्त वेळ बसून प्रवास केला तर गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो. हे फक्त विमानाचं नाही. बस, रेल्वे आणि मोटारीलाही ते लागू आहे. दुप्पट ऐकून घाबरू नका, मुळात धोका लहान असतो: त्या अभ्यासात तो सुमारे ६,००० प्रवाशांमागे एक इतका निघाला. पण हा वाढलेला धोका गाडीतून उतरल्यावर लगेच संपत नाही, काही आठवडे टिकतो. म्हणून पंधरा दिवसांनी पाय सुजला तरी ‘मध्ये मोठा प्रवास झाला होता का’ हे डॉक्टर विचारतात.

अंबाजोगाई-पुणे किंवा मुंबई हा प्रवास चार तासांत कधीच होत नाही. गाडी धाब्यावर थांबली की भूक नसली तरी खाली उतरून चार पावलं चाला. सीटवर बसल्या बसल्या टाच टेकवून चवडे वर-खाली केले तरी पोटरीचा पंप चालू राहतो. पाणी पीत राहा. दारू किंवा झोपेची गोळी घेऊन रात्रभर एकाच कुशीवर पडून राहणं टाळा.

ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचं पाणी कमी पिण्याचं कारण वेगळं आहे. फडात आडोसा नसतो, म्हणून दिवसभर तहान मारली जाते. गर्भपिशवी काढण्याच्या ऑपरेशनांमुळे बीडमधल्या ऊसतोड महिलांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला, त्यात या बाजूची चर्चा फारशी झाली नाही. पोटाच्या खालच्या भागातलं कुठलंही मोठं ऑपरेशन झालं की पुढचे काही आठवडे गुठळीचा धोका वाढलेला असतो. त्या दिवसांत ट्रॉलीत सामानाच्या खोबणीत पाय मुडपून दहा-बारा तासांचा प्रवास घडू नये.

दुखणं स्नायूचं की नसेचं?

नुसत्या बोटांनी दाबून हे खात्रीनं कुणालाही सांगता येत नाही, डॉक्टरलाही नाही. पाऊल वर ओढून पोटरी दुखते का बघायची, ही युक्ती रील्समध्ये फिरते. तिच्यावर विसंबू नका. स्नायू दुखावलेला असतानाही ती दुखते, आणि गुठळी असतानाही कित्येकदा दुखत नाही. तरी काही फरक घरी लक्षात येऊ शकतात.

स्नायू ताणला गेला असेल तर बहुधा तो क्षण आठवतो. उडी मारताना चमक भरली, पळताना काहीतरी ‘तट्ट’ झालं. दुखणं एका जागी असतं आणि दोन-तीन दिवसांत उतरायला लागतं. दोन्ही पोटऱ्या सारख्याच भरून आल्या असतील तर तेही बहुतेक श्रमाचंच. रात्री झोपेत येणारा पेटका काही मिनिटांत सुटतो.

गुठळीचं दुखणं असं हिशेबात बसत नाही. ते बहुधा एकाच पायात असतं. नेमकं कधी सुरू झालं ते सांगता येत नाही आणि विश्रांती घेऊनही दिवसागणिक वाढतं. पाय जड होतो, चप्पल किंवा बूट एका पायाला घट्ट बसायला लागतो, पोटरी दुसऱ्या पायापेक्षा गरम लागते. लालसरपणा येतो असं पुस्तकात लिहिलेलं असतं, पण सावळ्या कातडीवर तो दिसेलच असं नाही, म्हणून हात लावून तापमान बघणं आणि सूज मोजणं जास्त उपयोगी.

मोजायला शिंप्याची टेप पुरे. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीच्या हाडाला जो उंचवटा लागतो, त्याच्या १० सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजा. दुखऱ्या पायाचा घेर ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त भरला, तर डॉक्टरही तपासताना हाच निकष धरतात. त्याच दिवशी दाखवा. फरक कमी आला म्हणून गुठळी नाहीच, असं मात्र समजू नका. डीव्हीटी झालेल्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांना ठळक लक्षणं जाणवतही नाहीत.

एक गोंधळ इथे खरोखर होतो. स्नायूही दुखावलेला आणि गुठळीही झालेली, असं एकाच पायात असू शकतं. आधी लचक भरली, मग आठवडाभर पाय हलवला नाही, मग गुठळी. त्यामुळे बरं होत आलेलं दुखणं अचानक उलटलं आणि सूज चढली तर ‘जुनंच दुखणं’ म्हणून सोडून देऊ नये.

चोळण्याचं काय?

वारीत वारकऱ्यांचे पाय चोळून देणं ही मोठी सेवा मानली जाते आणि ती आहेही. थकलेल्या दोन पायांना तेल लावायला काहीच हरकत नाही. पण एकच पाय सुजलेला, तापलेला आणि दुखरा असेल, तर त्याला दाबू नका, चोळू नका, मसाज गन लावू नका, घट्ट पट्टाही बांधू नका. आतली गुठळी ताजी असेल तर तिचा तुकडा सुटण्याची भीती असते. सेवा करणाऱ्याने पाय हातात घेण्याआधी दोन्ही पोटऱ्या एकदा शेजारी शेजारी ठेवून बघितल्या, तरी बरंच काम होईल. आकार वेगळे दिसले तर त्या माणसाला तेलापेक्षा डॉक्टरची गरज जास्त आहे.

दम लागला तर

फुप्फुसात गुठळी गेल्याच्या खुणा पायापेक्षा गंभीर असतात, आणि पायात काहीही न जाणवता थेट इथूनही सुरुवात होऊ शकते. अचानक धाप लागते. दीर्घ श्वास घेताना किंवा खोकताना छातीत किंवा बरगडीत सुरी खुपसल्यासारखं दुखतं. छाती धडधडते, भोवळ येते. कधी खोकल्यातून रक्त पडतं.

रोज पळणाऱ्या माणसात हे लपून राहतं. फुप्फुसांची आणि हृदयाची ताकद चांगली असल्यानं तो बसल्या जागी ठीक दिसतो, बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजनही नीट येतो. पण काल सहज चढलेल्या टेकडीवर आज अर्ध्यात थांबावं लागतं. दोन जिने चढून बोलता येत नाही. त्याला स्वतःला वाटतं सराव कमी पडला, घरच्यांना वाटतं ॲसिडिटी किंवा थंडी बाधली. कारण नसताना एका-दोन दिवसांत दमसास असा घसरणं हीच धावपटूच्या बाबतीत महत्त्वाची खूण आहे. ईसीजी चांगला आला म्हणून ही शक्यता संपत नाही.

अशा वेळी दुचाकीवर मागे बसून जाऊ नका, स्वतः गाडी चालवत तर मुळीच जाऊ नका. १०८ ला फोन करा; महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका मोफत आहे.

गुठळी हातातही होते

२०२५ च्या फेब्रुवारीत व्हिक्टर वेम्बान्यामा या अवघ्या २१ वर्षांच्या बास्केटबॉलपटूच्या उजव्या खांद्यात गुठळी निघाली आणि त्याचा तो हंगाम तिथेच संपला. हात सतत डोक्यावर नेणाऱ्या, जोर लावणाऱ्या माणसांत हा प्रकार दिसतो: तालमीतले पैलवान, जड वजन उचलणारे, गोलंदाज, पोहणारे. मानेखालचं हाड आणि पहिली बरगडी यांच्या फटीतून हाताची मोठी नस जाते. तिथे ती पुन्हा पुन्हा चिमटली जाऊन इजा होते. एकच हात सुजणं, निळसर पडणं, जड वाटणं आणि खांद्या-छातीवर नवीन नसा उठून दिसणं ही त्याची लक्षणं. जिममध्ये याला ‘पंप आलाय’ म्हणतात. पंप तासाभरात उतरतो, ही सूज उतरत नाही. झटपट अंग भरावं म्हणून घेतलेली स्टिरॉइडची इंजेक्शनं गुठळीचा धोका आणखी वाढवतात, हेही तालमीत आणि भरतीच्या मैदानावर कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

बायकांनी जास्त लक्ष द्यावं अशा गोष्टी

मार्गशीर्षातला योगेश्वरीचा उत्सव, वारी, घरचं लग्न. पाळी पुढे ढकलण्याची गोळी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणली जाते, कारण हे डॉक्टरला सांगायचं कारण आहे असं कुणाला वाटत नाही. या गोळ्यांत बहुधा नॉरएथिस्टेरॉन असतं. पाळी थांबवण्याइतक्या मात्रेत घेतल्यावर त्याचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, आणि इस्ट्रोजेननं रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. बहुतेक जणींना चार-आठ दिवसांत काही होत नाही. पण आधी गुठळी झाली असेल, आई-वडील किंवा भावंडांत कुणाला झाली असेल, वजन खूप जास्त असेल, पायाला प्लास्टर असेल, तर ही गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये.

गर्भनिरोधक गोळ्यांचा धोका सोशल मीडियावर फुगवून सांगतात, म्हणून अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेचे आकडे इथे देतो. गोळी न घेणाऱ्या १०,००० स्त्रियांपैकी वर्षाला १ ते ५ जणींना गुठळी होते. इस्ट्रोजेनची गोळी घेणाऱ्यांत ३ ते ९. गरोदरपणात ५ ते २०, आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या १२ आठवड्यांत हाच दर ४० ते ६५ इतका चढतो. म्हणजे खरी काळजी घ्यायची ती बाळंतिणीची, आणि आपल्याकडे तिलाच दीड महिना खाटेवरून उतरू देत नाहीत. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू जरूर द्या, पण डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर तिला घरात चालू-फिरूही द्या.

सेरेना विल्यम्सला दुसऱ्यांदा त्रास झाला तोही बाळंतपणातच. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये सिझेरियनच्या दुसऱ्या दिवशी तिला धाप लागली. तिनं नर्सला स्वतः सांगितलं, सीटी स्कॅन करा. औषधांमुळे ती गोंधळली असेल असं आधी वाटलं. पायांची सोनोग्राफी झाली, तीत काही आलं नाही. मग सीटी स्कॅन केला आणि फुप्फुसांत लहान लहान गुठळ्या दिसल्या.

तपासणी कोणती करतात?

पायासाठी डॉप्लर सोनोग्राफी, फुप्फुसासाठी छातीचा सीटी ॲन्जिओग्राम. त्याआधी डी-डायमर ही रक्ताची चाचणी सांगतात. ज्याचा धोका मुळात कमी आहे अशा माणसात ही चाचणी निगेटिव्ह आली तर गुठळी नसल्याची चांगली खात्री मिळते. पॉझिटिव्ह आली म्हणजे गुठळी आहेच असं नाही. इजा, ताप, गरोदरपण, इतकंच काय आदल्या दिवशीची लांब धाव, यानंही ती वाढते. म्हणून ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजमध्ये उगाच डी-डायमर करून रात्रभर गूगल करत बसू नये.

अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. आशियातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय अशी त्याची ओळख सांगितली जाते. संशय आला तर आधी लेप आणि पट्टी, मग आठ दिवस वाट, असं न करता थेट अशा मोठ्या रुग्णालयात जावं. तिथे ‘पाय दुखतोय’ एवढंच सांगू नका. एकच पाय, किती दिवसांपासून, गेल्या महिन्यातला लांबचा प्रवास, प्लास्टर किंवा ऑपरेशन, चालू असलेली गोळी, घरात कुणाला झालेली गुठळी हे सगळं न विचारता सांगा, आणि सरळ विचारा: गुठळी तर नसेल ना?

‘लशीमुळे गुठळ्या’ आणि जिममधले व्हिडिओ

पळता पळता कुणी कोसळल्याचा व्हिडिओ आला की खाली लशीची कॉमेंट ठरलेली असते. कोविशील्डनंतर गुठळ्या होण्याचा एक अतिशय दुर्मीळ दुष्परिणाम खरा आहे. पण तो डोसनंतरच्या काही आठवड्यांत दिसतो, वर्षानुवर्षांनी नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मधल्या अभ्यासात १८ ते ४५ वयोगटातल्या अचानक मृत्यूंचा लशीशी संबंध आढळला नाही. कोविडमुळे रुग्णालयात दाखल झालेलं असणं, कुटुंबात अचानक मृत्यूचा इतिहास, खूप दारू पिणं यांच्याशी मात्र आढळला. शिवाय त्या व्हिडिओंमधला प्रसंग बहुधा हृदयाच्या धमनीतल्या अडथळ्याचा किंवा हृदयाच्या ठोक्यांच्या बिघाडाचा असतो. पायातल्या नसेची गुठळी हा वेगळा आजार आहे.

लसूण, हळद, आलं खाऊन झालेली गुठळी विरघळत नाही. आजोबांच्या डब्यातली ॲस्पिरिन घेऊनही भागत नाही.

उपचार आणि परत मैदानावर

सुरुवातीला हेपरिनच्या गटातली इंजेक्शनं किंवा थेट अपिक्साबान, रिव्हरोक्साबान या गोळ्या देतात; जुनी वॉर्फरिन द्यायची तर ती इंजेक्शनांच्या जोडीनं सुरू करतात. वॉर्फरिन घेणाऱ्याला आयएनआर ही चाचणी वरचेवर करावी लागते आणि पालेभाज्या अचानक कमी-जास्त करून चालत नाही. ही औषधं गुठळी विरघळवत नाहीत. ती वाढू देत नाहीत, आणि विरघळवण्याचं काम शरीर हळूहळू करतं. उपचार कमीत कमी तीन महिने चालतात. पंधरा दिवसांत सूज उतरली म्हणून गोळी स्वतःहून बंद करणं धोक्याचं असतं.

खाटेवर पडून राहायची गरज बहुतेकांना नसते. डॉक्टरांच्या सल्ल्यानं चालणं लवकर सुरू करतात, पळणं टप्प्याटप्प्यानं. सेरेना २०१८ मध्ये, बाळंतपणानंतर वर्षाच्या आत, विम्बल्डनच्या अंतिम फेरीत खेळली. कुस्ती आणि कबड्डी मात्र गोळ्या चालू असेपर्यंत नाही, कारण मार लागला तर रक्त लवकर थांबत नाही. गोळ्यांचं नाव लिहिलेली चिठ्ठी पाकिटात ठेवा. दात काढण्याआधी, इंजेक्शन घेण्याआधी ती दाखवा. काळी शी झाली, लघवीतून रक्त गेलं किंवा डोक्यावर आपटलात, तर बाहेर जखम दिसत नसली तरी त्याच वेळी रुग्णालयात जा.